खूण की नुसती चूक? तपासमालिकांतल्या लपलेल्या दुव्यांची छाननी

काचभिंग

स्पॉयलरचा इशारा आधीच देतो. 'शेरलॉक', 'लाइन ऑफ ड्यूटी', 'ट्विन पीक्स' आणि 'ट्रू डिटेक्टिव्ह'चा पहिला मोसम यांचे शेवट या धाग्यात उघडे पडणार आहेत. बघायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.

तपासमालिका आली की थिअऱ्यांचं पीक येतंच. भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचं पुस्तक, आरशातली सावली, कशावरूनही खुनी ठरतो. थिअरी चुकायला काहीच हरकत नाही. पण एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: ती गोष्ट त्या चौकटीत ठेवली कोणी?

उत्तरं चारच संभवतात. लेखकाने, दिग्दर्शकाने, प्रॉप्सवाल्यांनी (सेटवरच्या वस्तू पुरवणारे), किंवा कोणीच नाही.

लेखकाची खूण बहुधा संवादात किंवा पात्राच्या कृतीत असते, कारण त्याच्या हातात कागद असतो, कॅमेरा नाही. दिग्दर्शकाची खूण इन्सर्टमध्ये शोधावी, म्हणजे एखाद्या वस्तूच्या वेगळ्या घेतलेल्या जवळच्या शॉटमध्ये. त्यासाठी कॅमेरा हलवावा लागतो, लाइट पुन्हा लावावे लागतात, फोकस धरावा लागतो. शूटिंगच्या दिवसातून एवढा वेळ उगाच कोणी काढत नाही. इन्सर्ट खरी खूण असेल किंवा चकवा असेल, पण अपघात क्वचितच असतो. मागच्या कपाटातली पुस्तकं मात्र प्रॉप्स विभागाची. ती बऱ्याचदा गठ्ठ्याने येतात. नाव वाचता येतं, एवढ्यावरून ते वाचावं म्हणून ठेवलंय असं ठरत नाही.

सगळ्यात फसवा प्रकार चौथा, कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटशी न जुळण्याचा. एकच प्रसंग आधी लांबून, मग प्रत्येक नटाच्या जवळून, असा पुन्हा पुन्हा चित्रित होतो. मधल्या वेळात ग्लासातलं पाणी कमी होतं, मेणबत्ती वितळते, घड्याळाचे काटे पुढे जातात. एडिटर टेक (प्रसंगाचं एकेक चित्रण) निवडतो तो अभिनय बघून, ग्लास बघून नव्हे. मग पडद्यावर ग्लास भरलेला, रिकामा, पुन्हा भरलेला, आणि इथे थिअरी तयार: 'मधल्या वेळात विष घातलं!'

हे ओळखायची रीत सोपी आहे. प्रसंगातले कट मोजा आणि प्रत्येक कटपुढे कॅमेऱ्याचा कोन लिहा. नायिकेच्या कोनातून ग्लास दर वेळी अर्धा आणि इन्स्पेक्टरच्या कोनातून दर वेळी भरलेला असेल, तर ते दोन टेक आहेत, विषय संपला. फरक एकाच सलग शॉटमध्ये पडला तरच पुढचं डोकं लढवा.

सुतावरून_स्वर्ग

म्हणजे आमचा धंदाच बंद की!

पण एक सांगा, ब्राइटनेस वाढवल्यावर खिडकीत चेहरा दिसतो अशा थिअऱ्यांचं काय? कोणी ठेवला हा प्रश्न तिथे लागत नाही. चेहरा आहे किंवा नाही.

उलटतपासणी

चेहरा 'आहे की नाही' याआधी 'कुठल्या प्रतीत आहे' ते बघावं लागतं.

स्ट्रीमिंगचं चित्र दाबून लहान केलेलं असतं. हे काम करणारा प्रोग्राम, एन्कोडर, चौकट चौकोनी तुकड्यांत तोडतो (जुन्या पद्धतीत १६ गुणिले १६ पिक्सेलचे) आणि अंधाऱ्या भागाला सगळ्यात कमी बिट देतो, कारण तिथे डोळ्याला फरक कमी कळतो. ब्राइटनेस वाढवला की नेमके तेच तुकडे वर येतात. दोन गडद ठिपके आणि खाली एक आडवी रेघ, एवढ्यावर माणसाचा मेंदू चेहरा बनवतो. तपासायचं असेल तर ती जागा डिस्कवरच्या प्रतीत किंवा जास्त बिटरेटच्या प्रतीत बघा. आणि एकच फ्रेम बघू नका, आजूबाजूच्या दहाबारा फ्रेम बघा. खरा चेहरा कॅमेऱ्याबरोबर सलग सरकतो. एन्कोडिंगचा कचरा जागच्या जागी थिजतो आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की एकदम बदलतो.

फ्रेम पुढे सरकवायला व्हीएलसीमध्ये 'ई'चं बटण आहे. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाने पुढे आणि स्वल्पविरामाने मागे जाता येतं. ब्रिटिश मालिका सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंद.

यातूनच दुसरं भांडण निघतं. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित केलेली अमेरिकन मालिका युरोपातल्या जुन्या पाल पद्धतीच्या डिस्कवर २५ने पळवलेली असते. ६० मिनिटांचा मजकूर ५७ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो आणि आवाजही किंचित चढतो. म्हणून '४१:१०ला बघा' असं लिहिलं की निम्म्या लोकांना तिथे काहीच सापडत नाही. वेळ लिहायचीच तर प्रसंगाच्या पहिल्या कटपासून मोजून लिहा: 'दार उघडल्यापासून १४ सेकंदांनी'.

तिसरी गोष्ट जुन्या मालिकांची. पिक्चर ट्यूबचे टीव्ही चौकटीच्या कडा कापायचे. म्हणून महत्त्वाची हालचाल मधल्या ९० टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत ठेवायचा दंडक होता. ७२० गुणिले ५७६च्या चौकटीत डावी-उजवीकडून ३६-३६ पिक्सेल आणि वर-खालून साधारण २९ पिक्सेल असेच सोडून द्यायचे. १९९०च्या मालिकेच्या नव्या प्रतीत अगदी कडेला काही सापडलं, तर त्या वेळच्या प्रेक्षकाच्या घरी ते दिसतच नव्हतं. जे दिसणार नाही याची खात्री होती, तिथे दुवा कोण ठेवेल?

शंकेखोर

कडेचा मुद्दा पटला. काचभिंग यांच्या प्रश्नाबद्दल मात्र शंका आहे, पुढे मांडतो. आधी बाकीच्यांचं येऊ द्या.

बिंदूरेषा

चित्राचं खूप झालं, आता आवाजाकडे या. इथे पक्का, कबूल केलेला नमुना आहे. 'इन्स्पेक्टर मोर्स' (१९८७ ते २०००, एकूण ३३ भाग) या मालिकेचा संगीतकार बॅरिंग्टन फेलाँग. नायकाचं आडनावच मोर्स, म्हणून शीर्षकसंगीतात त्याने ते नाव मोर्स कोडमध्ये, म्हणजे आखूड-लांब आवाजांच्या तारेच्या लिपीत, बसवलं. काही भागांच्या पार्श्वसंगीतात तो खुन्याचं नावही तसंच पेरायचा आणि कधी मुद्दाम भलत्याच माणसाचं. काचभिंग यांच्या चार उत्तरांत संगीतकार नाही, तो पाचवा घ्या.

आता हे सोडवायचं कसं. 'डि' (आखूड आवाज) म्हणजे एक एकक, 'डा' (लांब आवाज) म्हणजे तीन. एका अक्षरातल्या दोन चिन्हांमध्ये एक एकक शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. 'मोर्स'ची पाच इंग्रजी अक्षरं अशी:

एम: डा डा
ओ: डा डा डा
आर: डि डा डि
एस: डि डि डि
ई: डि

अक्षरांची लांबी ७, ११, ७, ५ आणि १, म्हणजे ३१. मधल्या चार फटी तीन-तीनच्या, म्हणजे १२. सगळं नाव ४३ एककांचं. एकक ०.२ सेकंदाचं धरलं तर ८.६ सेकंद. तुमच्या थिअरीतलं नाव त्या सुरावटीच्या लांबीत बसतच नसेल तर पुढे जायची गरज नाही. ही पहिली चाळण.

दुसरी चाळण अक्षरांमधल्या फटींची, आणि लोक गडबडतात ती इथेच. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुकडा घ्या, स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा पट्ट्यांचा आलेख) लावा, दहा सेकंदांची खिडकी ठेवा. प्रत्येक पट्टीची आणि प्रत्येक मोकळ्या जागेची लांबी मोजून लिहा. लांबी दोन स्पष्ट गटांत पडली पाहिजे, एक आणि तीन. मधल्या दीड-दोनच्या लांब्या भरपूर निघाल्या तर ती साधी लय आहे, कोड नाही.

फटी सोडून नुसते 'डि' आणि 'डा' लिहून घेतले तर त्यातून वाटेल ते नाव निघतं. 'मोर्स'मध्ये १२ चिन्हं आहेत, म्हणजे ११ फटी. प्रत्येक फटीत अक्षर तोडायचं की नाही हे दोनच पर्याय धरले तरी २,०४८ तोडी होतात. चारपेक्षा जास्त चिन्हांचं अक्षर नसतं म्हणून बऱ्याच बाद होतील, तरी उरलेल्यांत कोणा ना कोणा पात्राचं नाव सापडेल. नुसते तीन 'डि' घ्या: 'एस' एकटं, 'ई' आणि 'आय', 'आय' आणि 'ई', किंवा तीन वेळा 'ई'. 'ई' आणि 'टी' ही एका चिन्हाची अक्षरं असल्यामुळे कुठलीही भोकं त्यांनी बुजवता येतात. थिअरीत 'ई' आणि 'टी' फार झाले की समजावं, ठिगळं लावलीत.

सुतावरून_स्वर्ग

हे झकास आहे. पण सांकेतिक खुणांवर विसंबून 'लाइन ऑफ ड्यूटी'त, म्हणजे भ्रष्ट पोलिसांना पकडणाऱ्यांच्या मालिकेत, लोक तीन वर्षं 'एच' शोधत बसले, त्याचं काय?

उलटतपासणी

तो तर अभ्यासक्रमात लावावा असा नमुना आहे.

तिसऱ्या मोसमाच्या शेवटी (२०१६) भ्रष्ट पोलीस डॉट कॉटन मरता मरता जबानी देतो आणि ती व्हिडिओत रेकॉर्ड होते. त्यावरून वरच्या भ्रष्ट अधिकाऱ्याची खूण 'एच' एवढी हाती लागते. मग 'एच'ने सुरू होणाऱ्या नावांची यादी झाली: हेस्टिंग्ज, हिल्टन वगैरे. पाचव्या मोसमाच्या शेवटी (२०१९) तोच व्हिडिओ पुन्हा बघताना कळतं की तो बोटाने चार वेळा टकटक करतोय. मोर्समध्ये चार 'डि' म्हणजे 'एच'. पण सांगायचं होतं ते अक्षर नव्हतं, आकडा होता: असे आतले लोक चार आहेत. डॉट स्वतः, हिल्टन, जिल बिगेलो आणि चौथा अजून मोकळा. माणसाचं टोपणनावच डॉट, म्हणजे टिंब, हा लेखकाचा खोडसाळपणा वेगळा.

काचभिंग यांची कसोटी इथे लागू पडते. बोटाची हालचाल ही पात्राची कृती, म्हणजे लेखकाची खूण. खूण खरीच होती, वाचन चुकलं. थिअरीवाल्यांनी 'एच' म्हणजे आद्याक्षर हे गृहीत धरलं आणि त्यावर मजले चढवले.

चौथा माणूस सापडला तो स्पेलिंगवरून. गुन्हेगारांच्या चॅटमध्ये 'डेफिनिटली' या शब्दात दुसऱ्या 'आय'च्या जागी 'ए' पडलेला असतो. पाचव्या मोसमात हेस्टिंग्जनेही तसंच टाइप केलं आणि त्याच्यावर बालंट आलं. समोरच्याची नक्कल करायची म्हणून मुद्दाम तसं लिहिलं, असं त्याचं म्हणणं. सहाव्या मोसमात (२०२१) तीच चूक इयन बकल्सच्या कागदपत्रांत सापडली. हा बाबा पहिल्या मोसमापासून (२०१२) डोळ्यांसमोर होता आणि सगळ्यांनी त्याला बिनडोक म्हणून सोडून दिलं होतं.

पुराव्याचं वजन कसं मोजायचं ते इथे नीट दिसतं. हे स्पेलिंग इंग्रजीत फार लोक चुकतात. समजा, दहात एक जण चुकतो. वीस संशयितांत दोघे तर निव्वळ योगायोगाने बसतील. म्हणजे स्पेलिंग एकटं कोणालाच पकडत नाही, फक्त वीसचे दोन करतं. त्या दोघांतून निवडायला दुसरा स्वतंत्र दुवा लागतो: ती माहिती कोणाच्या हाताखालून गेली, कुठल्या तपासाची सूत्रं कोणाकडे होती. आणि 'स्वतंत्र' म्हणजे खरोखर स्वतंत्र. एकाच चॅटमधल्या तीन चुका म्हणजे तीन पुरावे नव्हेत.

काचभिंग

'खूण खरी, वाचन चुकलं' हे वेगळं खातं करायला हवं. माझ्याकडून ते राहिलं होतं.

दोन_बोटं_नाडीवर

'शेरलॉक'चं कोणी काढलं नाही म्हणून मी काढतो. शेरलॉक छतावरून उडी मारतो आणि शेवटी जिवंत दिसतो तो भाग, 'द रायकेनबाख फॉल', १५ जानेवारी २०१२ला दाखवला गेला आणि उलगडा १ जानेवारी २०१४ला. मधली जवळजवळ दोन वर्षं लोकांनी उडीच्या थिअऱ्या मांडल्या. त्यातल्या चांगल्या थिअऱ्या खरंच चांगल्या होत्या, कारण त्या संवादावर आणि कृतीवर उभ्या होत्या.

छतावरून शेरलॉक आपल्या डॉक्टर मित्राला, जॉनला, फोनवर सांगतो की आहेस तिथेच थांब, हलू नकोस. जॉन आणि पडायची जागा यांच्यामध्ये एक बुटकी इमारत आहे, त्यामुळे जॉनला उडी दिसते पण जमीन दिसत नाही. जॉन धावत निघतो तर सायकलवाला त्याला धडकतो आणि काही सेकंद मिळतात. त्याआधी प्रयोगशाळेत शेरलॉक रबरी चेंडू आपटत बसलेला असतो. त्याही आधी तो मॉलीकडे मदत मागतो. एकही गोष्ट पार्श्वभूमीतली नाही.

चेंडूचं कारण: काखेत चेंडू दाबून धरला की दंडाकडे जाणारी धमनी दबते आणि मनगटाची नाडी लागेनाशी होते. जादूगारांची जुनी युक्ती. ती फक्त त्या हातापुरती चालते, गळ्याशी बोटं लावली की पकडला. जॉन डॉक्टर असूनही मनगट धरतो, कारण तेवढ्यात लोक त्याला मागे ओढतात. थिअरीवाल्यांनी हे बरोबर टिपलं होतं.

उडीचं गणितही करता येतं. छत १५ मीटर धरू. पडायला १.७५ सेकंद लागतील आणि खाली येताना वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरच्या आसपास. थांबवणारी वस्तू किती दबते त्यावर सगळं अवलंबून. उंची भागिले दबण्याचं अंतर, एवढे 'जी' (गुरुत्वाकर्षणाच्या इतके पट) अंगावर येतात. कपड्यांच्या गाठोड्यांनी भरलेल्या ट्रकमध्ये दोन मीटर दबायला मिळाले तर साडेसात जी. हवेच्या मोठ्या गादीत तीन मीटर मिळाले तर पाच जी. दोन्हींत माणूस वाचू शकतो, पण गाठोडी सगळीकडे सारखी दबत नाहीत आणि बाजूच्या पत्र्यावर आपटायची भीती असते. हवेची गादी जास्त पटते ती याच कारणाने.

२०१४च्या भागात तीन उलगडे दाखवले. बंजी दोरी आणि मुखवटा, शत्रू मॉरिआर्टीबरोबर छतावरचं प्रेमप्रकरण, आणि शेवटी थिअऱ्या रचत बसलेल्या पोलीसवाल्या अँडरसनला सांगितलेला हवेच्या गादीचा. तोही खरा की नाही यावर अँडरसनच शंका घेतो. लेखकांनी थिअरीवाल्यांना पडद्यावर आणून चिमटा काढला.

रिकामी_खुर्ची

+१. त्याच मालिकेतून आणखी एक शिकण्यासारखं. मालिका पुस्तकावरून असेल तर आधी मूळ कथा वाचा आणि बदललंय ते शोधा. मूळ कथेत भिंतीवर रक्ताने 'राखे' लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टर लेस्ट्राडला वाटतं 'रेचल' अर्धवट राहिलं, होम्स सांगतो की जर्मन शब्द आहे, अर्थ सूड. २०१०च्या 'अ स्टडी इन पिंक'मध्ये नेमकं उलटं: अँडरसन जर्मन शब्द म्हणतो आणि शेरलॉक त्याला उडवून लावत 'रेचल' म्हणतो. पुस्तक वाचलेले पहिल्या अर्ध्या तासात फसले. रूपांतरात जे जसंच्या तसं आहे ते बहुधा सजावट असतं, काम करतं ते बदललेलं.

शंकेखोर

आता माझी शंका. काचभिंग म्हणतात, ती गोष्ट तिथे कोणी ठेवली ते विचारा, कोणीच ठेवली नसेल तर सोडा. 'ट्विन पीक्स'मध्ये हा नियम तोंडावर आपटतो.

फ्रँक सिल्व्हा हा सेट सजवणारा. खून झालेल्या लॉराच्या खोलीतलं सामान हलवताना तो दिग्दर्शक डेव्हिड लिंचच्या नजरेस पडला आणि लिंचने त्याला पलंगाच्या पायथ्याशी बसवून एक शॉट घेऊन ठेवला, काय करायचं हे न ठरवताच. नंतर लॉराच्या आईचा प्रसंग चित्रित झाला तेव्हा मागच्या आरशात सिल्व्हाचं प्रतिबिंब आलं. कुठल्याही सेटवर टेक रद्द झाला असता. इथे त्यातून बॉब जन्माला आला. सगळ्या कथेतली दुष्ट शक्ती! पायलट (पहिला भाग) ८ एप्रिल १९९०ला दाखवला आणि खुनी कोण ते १० नोव्हेंबरच्या भागात. पायलट बघून 'आरशात कोणीतरी आहे' म्हणणारा तुमच्या कसोटीवर नापास झाला असता, आणि तो बरोबर होता.

उलटतपासणी

तो शॉट ठेवला ना पण? एडिटिंगमध्ये ठेवणं हाही निर्णयच.

शंकेखोर

मग ग्लासही एडिटिंगमध्ये ठेवलेलाच असतो. तिथे तुम्ही 'विषय संपला' म्हणता.

काचभिंग

शंकेखोर बरोबर आहेत. माझी कसोटी दुवा कसा जन्मला ते विचारते आणि जन्म अपघाती असू शकतो. पुढे त्याचं काय केलं हे बघायला हवं.

म्हणून दुरुस्ती. पहिल्या वेळी दिसलेली गोष्ट नुसती नोंदवा, भाग आणि प्रसंग लिहून. पुढच्या भागांत मालिकेने त्या गोष्टीवर काही खर्च केला का ते बघा: इन्सर्ट, संवाद, संगीत, नवा नट. बॉबवर तो खर्च झाला. सिल्व्हाला पुन्हा बोलावलं, त्याच्यावर प्रसंग लिहिले. ग्लासावर कोणी काही खर्च करत नाही. बहुतेक थिअऱ्या याच पायरीवर गळतील आणि बॉबवाली टिकेल.

अवांतर: त्याच पायलटमध्ये घरगुती व्हिडिओ मोठा करून लॉराच्या डोळ्यात मोटरसायकलचं प्रतिबिंब शोधतात. व्हीएचएसचं आडवं रिझोल्यूशन २४० रेघांच्या घरात, त्यात डोळा किती पिक्सेलचा येणार! पण ते पात्रांनी शोधलेलं, आपण नाही, म्हणून माफ.

सुतावरून_स्वर्ग

'ट्रू डिटेक्टिव्ह'ला ही दुरुस्त कसोटी लावून दाखवा. २०१४मध्ये त्या आठ भागांवर जेवढं लिहिलं गेलं तेवढं क्वचितच कशावर गेलं असेल.

रिकामी_खुर्ची

लावते. त्यात दोन दुवे शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

पहिला बाहुल्यांचा. दुसऱ्या भागात डिटेक्टिव्ह मार्टीच्या मुलींच्या खोलीत पाच पुरुष बाहुल्यांच्या मधोमध एक बाहुली आडवी. शॉट ठळक, अपघात म्हणताच येणार नाही. यावरून 'मार्टीच्या घरातलंच कोणी खुनी टोळीत आहे' ही थिअरी निघाली आणि बऱ्याच जणांनी सासऱ्याला आरोपी केलं. पण कथानकाने पुढे त्यावर तपास म्हणून काहीच खर्च केला नाही. शेवटच्या भागातही उलगडा नाही. तो दिग्दर्शकाचा शॉट होता, पण वातावरणासाठी: बाहेरची घाण घरात कशी झिरपते ते दाखवायला. हेतुपुरस्सर असणं आणि खुन्याकडे बोट दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, थिअरीवाले त्या हमखास एक करतात.

दुसरा हिरव्या कानांचा. सुरुवातीलाच एक मुलगी हिरव्या कानांच्या राक्षसाचं चित्र सांगते. ऐकायला पोरकट, म्हणून पोलिसांनी सोडलं आणि प्रेक्षकांनीही. तिसऱ्या भागात मार्टीचा जोडीदार रस्ट बंद शाळेपाशी जातो तेव्हा गवत कापायच्या गाडीवर एक माणूस बसलेला असतो. बसलाय म्हणून उंची कळत नाही, दाढी आहे म्हणून चेहऱ्याची खालची बाजू दिसत नाही. तोच एरल चाइल्ड्रेस, खुनी. आठव्या भागात मार्टी जुन्या फोटोत ताजं हिरवं रंगवलेलं घर बघतो आणि विचारतो, कानाला हिरवं लागलं ते रंगकामामुळे तर नाही? रंगकामाच्या कागदांवरून ते थेट त्याच्या दारात जातात.

तेव्हा लोक काय वाचत होते? चेंबर्सचं १८९५चं 'द किंग इन यलो' आणि बिअर्सची १८८६ची कारकोसाची कथा. पिवळा राजा कोण हे शोधायला ग्रंथालय पालथं घातलं. मालिकेने ती नावं तिथूनच घेतलीत हे खरं, पण त्यांनी वातावरण दिलं, पत्ता दिला नाही. दिला तो रंगाच्या डब्याने.

बिंदूरेषा

'पत्ता रंगाच्या डब्याने दिला' याला टाळ्या. पुस्तकी संदर्भाची थिअरी लिहिताना एकच बघावं: ते पुस्तक न वाचलेल्या प्रेक्षकाला हा गुन्हा सोडवता येतो का? येत असेल तर संदर्भ दागिना. १९७५-७६च्या 'एलरी क्वीन' मालिकेत उलगड्याआधी नायक कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकालाच विचारायचा की कळलं का. सगळे दुवे तोवर समोर आलेले असत. तिथे बाहेरच्या ग्रंथालयाची गरज नव्हती.

दोन_बोटं_नाडीवर

उलट टोकाला 'शेरलॉक'चा चौथा मोसम. १५ जानेवारी २०१७ला शेवटचा भाग झाला. तो इतका विस्कळीत वाटला की लोकांनी ठरवलं, हा खोटा शेवट आहे, खरा चौथा भाग लपवलाय. पुढच्या रविवारी, २२ जानेवारीला त्याच वाहिनीवर 'ॲपल ट्री यार्ड' नावाची नवी मालिका होती. नावात सफरचंद, आणि मॉरिआर्टीने सफरचंदावर अक्षरं कोरली होती. म्हणजे ही मालिका नसून आडोसा आहे! ती खरोखरच वेगळी मालिका निघाली आणि ठरल्याप्रमाणे चार भाग चालली.

'हा भाग वाईट आहे, म्हणून खोटा आहे' अशी थिअरी खोडताच येत नाही. कुठल्या पुराव्याने ती पडेल ते आधी लिहिलेलं नसेल तर थिअरी म्हणूच नये.

उलटतपासणी

'आधी लिहिलेलं' वरून अवांतर: 'कोलंबो' मालिकेतल्या डिटेक्टिव्ह कोलंबोचं पहिलं नाव.

मालिकेत ते कोणी घेत नाही. १९७१च्या 'डेड वेट' या भागात तो ओळखपत्र दाखवतो, तिथे चौकट थांबवली तर 'फ्रँक' वाचता येतं. पण बराच काळ 'फिलिप' हेच नाव पसरलं होतं. फ्रेड वर्थ या लेखकाने आपल्या माहितीकोशात ते मुद्दाम खोटं घातलं होतं, कोणी चोरलं तर पकडायला. 'ट्रिव्हियल पर्सूट' या खेळाच्या प्रश्नांत नेमकं 'फिलिप' आलं. वर्थने ३० कोटी डॉलरचा दावा लावला आणि हरला, कारण सुट्या माहितीवर कोणाचा हक्क नसतो.

थिअरीवाल्यांसाठी मुद्दा असा की दहा संकेतस्थळांवर एकच गोष्ट असणं म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. चौकट स्वतः थांबवून बघावी.

सुतावरून_स्वर्ग

इतका वेळ सगळे झोडपताय. एक तरी दुवा सांगा जो तुमच्या सगळ्या चाळण्यांतून पार होतो. खराखुरा लपवलेला, न्याय्य, आणि बघणाऱ्याला सोडवता येणारा.

बिंदूरेषा

मोर्सचं पहिलं नाव. मालिका १९८७ला सुरू झाली, नाव कळलं १९९७ला. तोवर तो 'नुसतं मोर्स' म्हणून टाळायचा. शब्दकोड्यांचा वेडा माणूस, म्हणून नाव सांगताना कोडंच घालतो: माझ्या साऱ्या आयुष्याची खटपट ईव्हच्या अवतीभवती फिरत राहिली, नऊ अक्षरं.

गूढ शब्दकोड्याच्या रीतीने सोडवा. अशा सूत्रात एक भाग अर्थ देतो, एक भाग अक्षरं देतो आणि एक शब्द सांगतो की अक्षरांचं काय करायचं. 'खटपट' हा अर्थ. 'फिरत राहिली' म्हणजे अक्षरं फिरवा. कुठली? इंग्रजीत 'अराउंड ईव्ह': ए, आर, ओ, यू, एन, डी, ई, व्ही, ई. मोजा, नऊ.

शंकेखोर

ई, एन, डी, ई, ए, व्ही, ओ, यू, आर. एंडेव्हर. एकही अक्षर उरत नाही.

बिंदूरेषा

आणि कॅप्टन कुकच्या जहाजाचं नावही तेच. वडिलांना कुकचं वेड होतं.